पंथ सोडला, पण सवय सुटली नाही

दिल्लीला गेलेल्या बऱ्याच जणांनी लोटस टेम्पल पाहिलेलं असतं. १९८६ साली उघडलेलं ते पांढरं संगमरवरी कमळ. आत मूर्ती नाही, पुजारी नाही, दानपेटी नाही, प्रवचन नाही. बाहेर आल्यावर 'हे नेमकं कुणाचं मंदिर?' असा प्रश्न पडतो, आणि बसमध्ये बसेपर्यंत आपण तो विसरूनही जातो. ते मंदिर बहाई धर्माचं. पाचगणीची १९४५ साली सुरू झालेली न्यू एरा शाळाही त्यांचीच. पुण्या-मुंबईत इराणी मुळाची बहाई कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून राहतात. या धर्माची सुरुवातीची काही पुस्तकं १८८० च्या दशकात आपल्या मुंबईतच शिळाछापावर छापली गेली. म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही.

पण आज लिहायचंय ते मंदिराबद्दल नाही. या धर्मातल्या उदारमतवाद्यांबद्दल, आणि त्यातही त्यांच्या आपापसातल्या भांडणांबद्दल लिहायचंय. पोस्ट लांबणार आहे. सवडीने वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. इराणमध्ये १८४४ साली बाब नावाच्या तरुणाने नव्या युगाची घोषणा केली. १८५० मध्ये तबरीझ शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या अनुयायांपैकी बहाउल्लाह (१८१७–१८९२) यांनी पुढे बहाई धर्म स्थापन केला. तेहरान, बगदाद, इस्तंबूल, एडिर्ने, शेवटी अक्का, असं त्यांचं अर्धं आयुष्य तुरुंगात आणि हद्दपारीत गेलं. शिकवण काय, तर सगळे धर्म एकाच मुळाचे, सगळी माणसं एकच, स्त्री-पुरुष समान, विज्ञान आणि धर्माचं भांडण नाही, पुरोहितवर्ग नको. एकोणिसाव्या शतकातल्या इराणमध्ये हे बोलणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

मग प्रश्न असा की एवढ्या उदार धर्मात 'उदारमतवादी सुधारणा' करायला शिल्लक काय राहिलं?

राहिलं ते सत्तेचं गणित. बहाउल्लाहनंतर अधिकार गेला थोरला मुलगा अब्दुल-बहा यांच्याकडे. १९२१ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्युपत्राने नातू शोगी एफेंदी 'धर्मरक्षक' झाले. १९५७ मध्ये तेही गेले. मूल नाही, मृत्युपत्र नाही. १९६३ पासून हैफा इथलं नऊ जणांचं 'विश्व न्याय मंदिर' हे सर्वोच्च मंडळ कारभार बघतं. दर पाच वर्षांनी गुप्त मतदान होतं. उमेदवारी नाही, प्रचार नाही. ऐकायला फार छान. पण हे मंडळ दैवी मार्गदर्शनाखाली चालतं आणि म्हणून त्याचा निर्णय चुकत नाही, अशी श्रद्धा आहे. त्यावर सगळे नऊ जण पुरुषच असू शकतात. स्त्री-पुरुष समानता सांगणाऱ्या धर्मात! शिवाय एखाद्या बहाई लेखकाने आपल्या धर्माविषयी काही लिहिलं, तर छापण्याआधी ते संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं, हा नियम. आणि निवडणुकीत प्रचार नसल्यामुळे टीकेलाही जागा नाही. मग तेच ते चेहरे वर्षानुवर्षं निवडून येतात, अशी टीकाकारांची तक्रार.

या मुद्द्यांवर बोलणाऱ्यांचं काय झालं, त्याचा सार्वजनिक इतिहास उपलब्ध आहे. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काही बहाईंनी 'डायलॉग' नावाचं मासिक काढलं. १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या समाजासाठी नऊ सूचनांचा एक लेख तयार केला. त्यात पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळाला मर्यादा, प्रकाशनपूर्व तपासणीत सवलत असलं काहीबाही होतं. आपल्याकडे एखाद्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत कुणीही उठून म्हणावं इतकं साधं. लेख छापून येण्याआधीच अडला, राष्ट्रीय अधिवेशनात त्याच्यावर जाहीर झोड उठली आणि मासिक बंद पडलं. १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठातले इतिहासकार हुआन कोल बाहेर पडले. २००० मध्ये न्यूझीलंडच्या ॲलिसन मार्शल यांचं आणि २००५ मध्ये नेदरलँड्समधले अभ्यासक सेन मॅक्ग्लिन यांचं नाव सदस्ययादीतून काढून टाकलं गेलं. गंमत बघा, मॅक्ग्लिन यांची श्रद्धा तसूभर कमी झाली नव्हती. धर्म आणि राज्यसंस्था वेगळी असावी, हीच बहाउल्लाहची शिकवण आहे, असं ते ग्रंथांच्या आधाराने मांडत होते, एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या मंडळींना 'करारभंजक' ठरवलेलं नव्हतं. तो शिक्का वेगळा आणि फार जड. ज्याच्यावर तो बसतो त्याच्याशी बहाईंनी बोलायचं नाही, संबंध ठेवायचा नाही. शोगी एफेंदी यांच्या काळात त्यांच्या सख्ख्या भावंडांवरही तो बसला. मार्शल-मॅक्ग्लिन यांच्या वाट्याला फक्त 'तुम्ही आता बहाई नाही' एवढं आलं. पण ज्याचं सगळं मैत्र, लग्नकार्यं, सणवार त्याच समाजात आहेत, त्याला त्या एका वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. वर बसलेली संस्था आणि खाली प्रश्न विचारणारा एकटा माणूस. आपली सहानुभूती आपोआप त्या एकट्याकडे जाते, माझीही जाते. पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं. असे एकटे लोक एकत्र आले तेव्हा काय झालं?

चार उदाहरणं देतो.

पहिलं. बहाउल्लाह १८९२ मध्ये गेले आणि दोन मुलांत फूट पडली. अब्दुल-बहा स्वतःकडे फार अधिकार घेतात, असं म्हणणारे त्यांचे सावत्र भाऊ मिर्झा मुहम्मद अली यांच्यामागे गेले. अमेरिकेत धर्म नेणारे इब्राहिम खैरुल्लाही १९०० च्या सुमारास याच बाजूला आले. आजचे काही उदारमतवादी बहाई या गटाला आपले पूर्वज मानतात. पण त्यांचा आधार काय होता? तर बहाउल्लाहच्या मृत्युपत्रात दुसरं नाव मुहम्मद अलींचं होतं, हा! एका मुलाच्या अधिकाराला विरोध केला तो दुसऱ्या मुलाचा अधिकार पुढे करून. पुढे १९३० च्या दशकात बहाउल्लाहच्या एका नातवाने अमेरिकेतल्या केनोशा गावातून एक त्रैमासिक चालवलं. तेही थोड्या वर्षांत थांबलं आणि गट विरून गेला.

दुसरं. रूथ व्हाइट नावाची अमेरिकन बाई. १९२० च्या दशकाअखेरीस तिने जाहीर केलं की अब्दुल-बहांचं मृत्युपत्र बनावट आहे आणि या धर्माला संघटनाच नको. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवालही मिळवला. तो तज्ज्ञ काम करत होता छायाचित्रांवरून, मूळ कागद त्याच्या हाती नव्हता. जर्मनीत काहींनी तिला साथ दिली. पण ज्या चळवळीचा पहिला सिद्धांतच 'संघटना नको' हा, ती उभी कशी राहणार? आता आपल्यासाठीची गंमत. या बाई पुढे मेहेरबाबांच्या भक्त झाल्या. हो, आपल्या नगरच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. एका धर्मरक्षकाचा अधिकार नाकारणारी व्यक्ती शेवटी अवतारपुरुषाच्या चरणी गेली. यात मेहेरबाबांचा किंवा त्यांच्या भक्तांचा अपमान नाही. मुद्दा इतकाच की खरी तक्रार 'अधिकारा'बद्दल होती की 'त्या माणसा'बद्दल, हे तिच्या चळवळीने कधी स्वतःला विचारलंच नाही.

तिसरं उदाहरण अहमद सोहराब यांचं, आणि हे मला सगळ्यात चटका लावणारं वाटतं. १९१२ मध्ये अब्दुल-बहा अमेरिकेत फिरले तेव्हा हे त्यांच्यासोबत दुभाषे होते. १९२९ मध्ये सोहराब आणि ज्युली चॅनलर यांनी न्यूयॉर्कमध्ये 'न्यू हिस्टरी सोसायटी' काढली. खुलं व्यासपीठ, कुणीही यावं, सदस्यत्वाची कटकट नाही. १४ डिसेंबर १९३० ला आइनस्टाइन याच संस्थेच्या सभेत बोलले. सैन्यात बोलावलेल्यांपैकी नुसत्या दोन टक्क्यांनी लढायला नकार दिला तरी सरकारं हतबल होतील, हे त्यांचं गाजलेलं भाषण तिथलं. बहाई संस्थेने आधी सोहराबना बाहेर काढलं, मग 'बहाई' हे नाव वापरू नये म्हणून न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. १९४१ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. धर्माच्या नावावर कुणाची मक्तेदारी नसते, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. म्हणजे सोहराब जिंकले! पुढे काय? १९५८ मध्ये सोहराब गेले आणि हळूहळू चळवळही गेली. कारण सगळं एका माणसाच्या वक्तृत्वावर आणि एका कुटुंबाच्या पैशावर उभं होतं. कोर्टात जिंकलेलं नाव चालवायला मागे संस्थाच नव्हती.

चौथं, अलीकडचं. २००४ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक ग्लेशर यांनी 'रिफॉर्म बहाई' नावाने वेगळा गट जाहीर केला. त्यांची भूमिका रूथ व्हाइटच्याच वळणाची. नंतर आणखी काही जणांनी मुहम्मद अलींच्या जुन्या परंपरेला जोडून घेणारा गट काढायचा प्रयत्न केला. हुआन कोल यांच्यासारखे विद्वान टीकाकार यातल्या कुठल्याच तंबूत शिरले नाहीत.

आज या उदारमतवाद्यांचे ढोबळमानाने तीन तंबू दिसतात. एक म्हणतो, आत राहून हळूहळू बदल घडवू, फार आवाज नको. दुसरा म्हणतो, श्रद्धा माझी, संस्था तुमची, मला कुणाचं कार्ड नको. तिसरा म्हणतो, जुनी संस्था मुळातच खोट्या कागदावर उभी आहे, नवीच काढू. आतले तिसऱ्यांना म्हणतात, 'तुमच्यामुळे आमच्याकडेही संशयाने बघतात.' तिसरे आतल्यांना म्हणतात, 'तुम्ही भित्रे.' मधले दोघांनाही म्हणतात, 'तुम्हाला खुर्ची हवी.' आणि प्रत्येकाची तोफ मूळ संस्थेपेक्षा शेजारच्या तंबूवर जास्त चालते. ओळखीचं वाटतंय ना?

माझं म्हणणं असं आहे. या चळवळी नुसत्या हैफाच्या ताकदीमुळे हरल्या नाहीत. हैफाची ताकद मोठी आहेच, नाकारत नाही. पण त्या हरल्या कारण त्यांनी 'कोण बरोबर?' हा एकच प्रश्न विचारला. 'आपल्यातच मतभेद झाला तर काय करायचं?' हा प्रश्न विचारला नाही. ज्या संस्थेतून बाहेर पडले, तिची मोठी चूक हीच होती की तिथे मतभेद म्हणजे निष्ठेचा अभाव. बाहेर पडताना लोकांनी श्रद्धा नेली, पुस्तकं नेली, राग नेला, आणि ही सवयही बरोबर नेली.

मृत्युपत्राचंच घ्या. जवळजवळ शंभर वर्षं हा वाद चालू आहे. मला तो वाद म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं वाटतं. समजा, उद्या निर्विवाद सिद्ध झालं की मृत्युपत्र खरं आहे. मग काय, बाईला सर्वोच्च मंडळावर बसायचा हक्क नाही असं ठरलं? लेखकाचं हस्तलिखित तपासणं न्याय्य ठरलं? आणि समजा खोटं निघालं, तर उद्यापासून सगळे एकमेकांचं ऐकून घ्यायला लागतील? हक्काचा प्रश्न कागदाच्या खरेपणावर टांगला की तो कायमचा टांगलेलाच राहतो. मॅक्ग्लिन यांच्यासारखा माणूस मृत्युपत्र खरं मानूनही चिकित्सा करतो. त्याला 'अर्धवट' म्हणून बाहेर ठेवणारी सुधारणा ही नवी पोथी झाली.

आता दुसरी बाजू. बहाई संस्था म्हणते की आमचा करार कडक आहे म्हणूनच दीडशे वर्षांत आमचे शेकडो पंथ झाले नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. आणि त्यांना वेढा पडल्यासारखं वाटतं, त्याला कारणही आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये दोनशेहून अधिक बहाई मारले गेले. १९८० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्रीय सभेचे नऊही सदस्य उचलले गेले, ते परत दिसले नाहीत. जून १९८३ मध्ये शिराझला दहा बायकांना फाशी दिली, त्यातली एक अवघी १७ वर्षांची होती. बहाई तरुणांना विद्यापीठाचे दरवाजे बंद, म्हणून १९८७ पासून ते घराघरांतून आपलं शिक्षण चालवतात. अशा समाजातल्या आतल्या टीकाकाराला 'तू शत्रूच्या हाती कोलीत देतोस' हे ऐकावंच लागतं. म्हणून टीकाकाराची जबाबदारी दुप्पट होते. इराणच्या सरकारला आपली टीका वापरता येणार नाही अशा पद्धतीने ती करायची. पण 'बाहेर छळ होतोय' हे कारण आतल्या माणसाचं तोंड बंद करायला कायमचं वापरता येणार नाही. छळ सोसणाऱ्यालाही घरात न्यायाने वागावं लागतं.

आपल्याकडे यातून काय घ्यायचं? एक तुलना देतो, पटली तर बघा. बंगालच्या ब्राह्मो समाजात १८६६ मध्ये फूट पडली. केशवचंद्र सेन देवेंद्रनाथ ठाकूरांपासून वेगळे झाले. मग १८७८ मध्ये केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजघराण्यात लावलं, तेव्हा त्यांचेच सहकारी वेगळे झाले. ज्यांनी मुलींच्या लग्नाच्या वयासाठी कायदा मागितला होता, त्यांच्याच घरात हे! पण वेगळे झालेल्यांनी 'साधारण ब्राह्मो समाज' काढताना एक शहाणपणाची गोष्ट केली. नवा आचार्य शोधण्याऐवजी त्यांनी घटना लिहिली. एका माणसाच्या हाती सगळं जाऊ नये, अशी रचना केली. तो समाज संख्येने लहानच राहिला, पण आजही आहे.

आणि महाराष्ट्राला तर बहिष्कार म्हणजे काय ते शिकवायला नको. १९४९ चा मुंबई प्रांताचा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला. असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) यांच्यासारख्या बोहरा सुधारकांनी मुंबईत राहून त्या बहिष्काराची किंमत मोजली. जात पंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या लढ्यातून २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. कायदा हवाच. पण कायदा वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा देतो, वाळीत टाकलेल्यांना एकमेकांशी वागायचं कसं ते शिकवत नाही. ते आपलं आपल्यालाच शिकावं लागतं.

मला विचाराल तर कुठल्याही सुधारणावादी गटाने, मग तो बहाई असो, बोहरा असो, नाहीतर आपल्या गावातली विवेकी मंडळी असोत, पहिल्या बैठकीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. एक, अध्यक्ष किती वर्षं राहणार. दोन, पैसे आणि नाव कुणा एकाच्या मालकीचं नसणार. तीन, ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्याचं मत इतिवृत्तात त्याच्या शब्दांत नोंदवलं जाणार. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कुणाची श्रद्धा खरी की खोटी हा विषय मतदानाला कधीच येणार नाही. शिस्तभंगासाठी माणूस पदावरून काढता येईल, पण 'तू आमच्यातला नाहीस' असं ठरवायचा अधिकार कुणालाच नसेल.

बहाईंच्या परंपरेत सल्लामसलतीची एक सुंदर रीत सांगितली आहे. सभेत मत मांडलं की ते मांडणाऱ्याचं राहत नाही, सभेचं होतं. त्यावर टीका झाली तर ती माणसावर झालेली नसते. म्हणजे औषध त्यांच्या घरातच आहे. संस्थेने ते कपाटात ठेवलं, हे सुधारकांचं म्हणणं बरोबर आहे. पण कपाटाची किल्ली हाती आल्यावर सुधारकांनीही बाटली उघडलेली दिसत नाही.

तुम्ही कुठल्या मंडळात, समितीत, चळवळीत असाल तर एकच प्रश्न घेऊन जा. आपल्याकडे शेवटचा मतभेद झाला होता, तेव्हा तो मांडणारा माणूस आज कुठे आहे? आपल्यातच आहे की निघून गेला? उत्तर कमेंटमध्ये लिहिलं नाहीत तरी चालेल. स्वतःशी दिलंत तरी पुरे.